चव्हाट्यावरचें गुप्तधन

शस्त्र म्हणून जन्मास आलेली वस्तु खेळणें होऊन मुलांच्या हातीं पडावयास बहुधा शतकें लागतात. धनुष्यबाण रणांगणांतून अंगणांत आला तो असाच सावकाश आला. परंतु आपल्या डोळ्यांदेखत एका युद्धसाधनानें हें सारें स्थित्यंतर दोन दिवसांत उरकलें. ता. १ मे २००० रोजीं अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीं उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेला दोष काढून टाकण्यांत येत असल्याचें जाहीर केलें, त्याच रात्रीं तो दोष नाहींसा झाला, आणि ता. ३ मे रोजीं ऑरेगॉन राज्यांतील एका गृहस्थानें रानांत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली व ती हुडकून काढण्याचें ज्याच्या हातीं यंत्र असेल त्यास आवाहन केलें. त्या बादलीपासून जो खेळ सुरू झाला त्याला जिओकॅशिंग म्हणतात. आज त्याच्या तीस लाखांहून अधिक डब्या जगभर दडविलेल्या आहेत. आणि त्यांतील पुष्कळशा रानांत नसून गजबजलेल्या शहरांत, रोज ज्यांच्या शेजारून माणसें जातात अशा दिव्याच्या खांबांवर, बाकांखालीं व कठड्यांमागें आहेत. या खेळाचा इतिहास उणापुरा पाव शतकाचा. परंतु तो चाळतांना खेळाहून निराळाच एक प्रश्न पुढें उभा राहतो. रस्ता कोणाचा, आणि त्यावर कोणीं किती वेळ विनाकारण रेंगाळावें, हा तो प्रश्न होय.

दोष मुद्दाम कां मिसळला होता, हें समजल्याशिवाय पुढची हकीकत नीट कळावयाची नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें आपल्या नौका, विमानें व अस्त्रें यांस स्वतःचा ठावठिकाणा अचूक कळावा म्हणून उपग्रहांची एक माळ आकाशांत सोडली. पहिला उपग्रह १९७८ सालीं गेला. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा यांतला प्रत्येक उपग्रह एकच गोष्ट अखंड सांगत असतो: माझ्या घड्याळांत आतां अमुक वाजले आहेत व मी अमुक जागीं आहें. खालचें ग्राहकयंत्र तो संदेश येण्यास किती अवकाश लागला तें पाहतें व त्यावरून अंतर काढतें. संदेश प्रकाशाच्या वेगानें येत असल्यामुळें घड्याळांत एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक पडली तर जमिनीवर तीनशें मीटरांची चूक पडते. म्हणून उपग्रहावरचें घड्याळ अणूंच्या कंपनावर चालणारें असावें लागतें. आणि ग्राहकाच्या खिशांतलें स्वस्त घड्याळ तितकें नेमकें नसल्यानें तीनऐवजीं चार उपग्रहांची साक्ष काढावी लागते.

ता. १ सप्टेंबर १९८३ रोजीं दक्षिण कोरियाचें एक उतारूंचें विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें आणि तेथील लढाऊ विमानानें तें पाडलें. २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही उपग्रहयोजना नागरिकांसहि वापरावयास मिळेल असें जाहीर केलें. परंतु लष्करी मन असें एकदम मोकळें होत नसतें. नागरी संकेतांतील घड्याळांत थोडा खोटेपणा कालवून ठेवण्यांत आला, आणि सामान्य माणसाला आपली जागा शंभर मीटरांच्या आंतबाहेर कळेल एवढीच सोय राहिली. गंमत अशी कीं, १९९०-९१ च्या आखाती युद्धांत लष्करी यंत्रांचा तुटवडा पडला, शिपायांच्या हातीं बाजारांत मिळणारीं यंत्रें द्यावीं लागलीं, आणि आपल्याच सैन्याची फसगत होऊं नये म्हणून सरकारला तो खोटेपणा कांहीं काळ थांबवावा लागला. पुढें तर एकाच सरकारचें संरक्षण खातें दोष घालीत आहे आणि त्याच सरकारचें किनारारक्षक दल जहाजांसाठीं तो रेडिओवरून दुरुस्त करून देत आहे, असा देखावा दिसूं लागला. दरम्यान, लागेल तेव्हां विशिष्ट प्रदेशापुरताच संकेत रोखण्याची युक्तिहि हातीं आली होती. क्लिंटन यांच्या निर्णयांत औदार्य किती आणि ही अडचण किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

शंभर मीटरांचें वर्तुळ म्हणजे एक मोठें मैदान झालें. त्यांत डबी सांपडावयाची नाहीं. दहापंधरा मीटरांचें वर्तुळ म्हणजे एक घर व त्याचें आंगण. तेवढें माणूस डोळ्यांनीं धुंडाळूं शकतो. डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाला हा फरक तत्काळ उमगला, यांतच त्याची कल्पकता. पोर्टलंड शहराजवळ बीव्हरक्रीक म्हणून गांव आहे, तेथें त्यानें बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर प्रसिद्ध केला: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० कला. अक्षांशांतील कलेचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर दोन मीटरांहूनहि कमी अंतर. पेठ, गल्ली, घरक्रमांक, देवळाची किंवा वडाची खूण यांपैकीं कांहींएक न सांगतां इतका नेमका पत्ता देणें हें तोंवर खलाशी आणि मोजणीदार यांच्यापुरतेंच होतें. बादलींत पुस्तकें, चित्रफिती, संगणकाचे प्रोग्रॅम, एक गलोल, घेवड्याचा एक बंद डबा, आणि वही-पेन्सिल असा माल होता. नियम असा कीं, कांहीं घ्यावें, कांहीं ठेवावें व वहींत नोंद करावी. तीन दिवसांच्या आंत माइक टीग नांवाचा शोधक बादलीपर्यंत पोंचला. आज त्या जागीं स्मारकाची पाटी बसविली आहे, आणि तो घेवड्याचा डबा पुढें सांपडून खेळाडूंच्या मेळाव्यांतून मिरविलाहि गेला आहे. मात्र हल्लींचे नियम लावले तर ती आद्य बादली नापास होईल. कारण डबी जमिनींत पुरणें आणि तींत खाद्यपदार्थ ठेवणें या दोन्ही गोष्टी आतां निषिद्ध ठरल्या आहेत. पंथाच्या संस्थापकाला त्याच्याच मठांत प्रवेश न मिळावा, असा हा प्रकार आहे.

नांवाचीहि एक कथा आहे. आरंभीं या खेळाला जें इंग्रजी नांव होतें त्यांतील दडविण्याचा शब्द चोरटा माल व अमली द्रव्यें यांची आठवण करून देणारा होता. महिना उलटण्यापूर्वींच, ३० मे २००० रोजीं, मॅट स्टम यानें दुसरें नांव सुचविलें. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, हें ग्रीकांकडून आलेलें. ‘कॅश’ हा फ्रेंच शब्द, दडविणें या अर्थाच्या धातूपासून निघालेला. उत्तर अमेरिकेंत कातड्यांसाठीं जनावरें धरणारे पारधी परतीच्या वाटेवर लागणारी शिधासामग्री अशी दडवून ठेवीत, आणि तिला हाच शब्द लावीत. लपविणारा मीच आणि पुढें खाणारा मीच, किंवा माझ्यामागून येणारा कोणी माझ्यासारखाच भुकेला. हा त्या शब्दांतला भाव खेळाला चांगला शोभला. त्याच वर्षीं २ सप्टेंबरला सिॲटल येथील जेरेमी आयरिश यानें या डब्यांची यादी ठेवणारें संकेतस्थळ उघडलें. त्या दिवशीं यादींत ७५ डब्या होत्या.

नवें म्हणून जें वाखाणलें जातें त्याला बहुधा कोठें तरी एक विस्मृत आजोबा असतो. या खेळाचा आजोबा इंग्लंडांत डेव्हन परगण्याच्या डार्टमूर पठारावर भेटतो. हें पठार म्हणजे दलदल, धुकें आणि खडकांचे सुळके. कॉनन डॉयल याच्या ‘हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’मुळें तें शेरलॉक होम्सच्या वाचकांस ठाऊक आहे. तेथें जेम्स पेरट नांवाचा एक वाटाड्या होता. पाहुण्यांना पठाराच्या ऐन मध्यावर, क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागीं नेऊन आणणें हा त्याचा व्यवसाय. १८५४ सालीं त्यानें त्या जागीं एक बाटली ठेवली, ती अशासाठीं कीं, एवढी पायपीट करून आलेल्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें. पुढें बाटली जाऊन पत्र्याची पेटी आली, १९०५ सालीं नोंदवही आली, आणि एक रम्य प्रघात पडला: आलेल्यानें स्वतःस किंवा इष्टमित्रांस लिहिलेलें पत्र पेटींत ठेवावें आणि मागून येणाऱ्यानें तें खालीं नेऊन टपालांत टाकावें. पत्र किती दिवसांनीं पोंचेल हें पुढचा पांथस्थ केव्हां येईल त्यावर. अनोळखी माणसावर एवढा भरंवसा टाकणारी टपालव्यवस्था दुसरी झाली नसेल. अल्मरच्या वही-पेन्सिलींत पेरटची बाटलीच पुन्हां जन्मास आली, एवढेंच कीं वाटाड्याची जागा उपग्रहानें घेतली.

शहरांत हा खेळ शिरला तेव्हां मात्र त्याचें रूप पालटलें. रानांत सैन्याची काडतुसांची जुनी लोखंडी पेटी चालते. तिच्यांत खेळणीं मावतात, नाणीं मावतात. रस्त्यावर तेवढी पेटी कोण राहूं देईल? म्हणून वस्तु आक्रसत गेली. प्रथम छायाचित्रांच्या फिल्मची ३५ मिलिमीटरची डबी आली. डिजिटल कॅमेऱ्यानें जी बेकार केली तिला या खेळानें कामास लावलें. मग चुंबक लावलेली किल्लीची डबी आली. आणि शेवटीं करंगळीच्या पेराएवढी एक चुंबकी कुपी, जींत कागदाच्या एका पट्टीची गुंडाळी तेवढी राहते. देण्याघेण्याचा व्यवहार संपला, सही उरली. पेन्सिलहि मावत नाहीं, म्हणून ती ज्याची त्यानें आणावी.

दडविण्याच्या जागाहि शहराच्याच कुशींतल्या. अमेरिकेंत दुकानांपुढच्या मोटारी लावण्याच्या पटांगणांत दिव्याच्या खांबांना बुडाशीं पत्र्याचें एक झांकण असतें. त्याखालीं खांब जमिनीस जखडणारे बोल्ट. हें झांकण वर सरकतें, ही गोष्ट खांब बसविणाऱ्या कामगारापलीकडे कोणास ठाऊक नव्हती. आज ती खेळाडूंच्या पोरासोरांस ठाऊक आहे. कोठें कठड्याला दहा बोल्ट असतात आणि त्यांत एक अकरावा पोकळ असतो. कोठें विजेच्या पेटीवर एक नुसती चिकटविलेली पट्टी असते. बाकाची खालची बाजू, दगडी भिंतींतली फट, वाहतुकीच्या पाटीची पाठ, अशा ठिकाणीं माणूस सहसा पाहत नाहीं, आणि डबी ठेवणारा नेमका तोच हिशेब करतो. उपग्रहाचाहि येथें फारसा उपयोग होत नाहीं. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून येणारा संकेत सरळ येणाऱ्याहून उशिरां पोंचतो, यंत्राला तेवढें अंतर अधिक वाटतें, आणि पडद्यावरचा ठिपका रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेवर उड्या मारूं लागतो. वीस हजार किलोमीटरांवरून आलेला वाटाड्या शेवटच्या दहा पावलांवर हात सोडतो. तेथून पुढें डोळे आणि बोटें. आमच्या मतें या खेळाचें खरें मोल या दहा पावलांत आहे. ज्या चौकांतून माणूस वीस वर्षें कचेरीला जातो त्या चौकाचा कठडा कशानें जोडला आहे, दगड कोणत्या जातीचा आहे, कोणती पाटी नवी व कोणती जुनी, हें त्याला त्या दिवशीं प्रथम दिसतें.

परंतु हें सारें करावयाचें तें कोणाच्या लक्षांत न येतां. खेळाबाहेरच्या माणसाला खेळाडू ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटरच्या कथांत जादू न येणाऱ्यांस जो शब्द आहे तोच त्यांनीं उचलला. मगलानें डबी पाहिली तर ती नाहींशी होण्याचें भय. म्हणून बुटाची नाडी बांधण्याचें निमित्त करावें, कानाशीं मोबाईल धरून येरझारा घालाव्या, कुत्रें फिरवावें. कांहीं धीट लोक तर मजुराचें चमकतें नारिंगी जाकीट घालून भर दुपारीं खांब तपासतात. त्या रंगाला कोणी प्रश्न विचारीत नाहीं. येथें हंसूं येतें खरें, पण हंसूं ओसरल्यावर विचार येतो. नारिंगी जाकिटाला प्रश्न विचारीत नाहींत, तर मग कोणाला विचारतात? रस्त्याच्या कडेला अर्धा तास उगाच घुटमळणारा मनुष्य वेष, वर्ण आणि वय पाहून सभ्य किंवा संशयित ठरतो. अमेरिकेंत एका रंगाच्या कातडीला जो खेळ तोच दुसऱ्या रंगाच्या कातडीला जोखीम होऊं शकतो. आपल्याकडे तर याहून जुनी एक मर्यादा आहे. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं मुंबईतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून ‘व्हाय लॉयटर?’ हें इंग्रजी पुस्तक २०११ सालीं प्रसिद्ध केलें. कामाला निघालेल्या बाईला रस्ता मोकळा असतो, पण कामावांचून रेंगाळण्याचा हक्क तिला नसतो, आणि तोच तिला हवा आहे, असें त्याचें प्रतिपादन. खांबामागची कुपी शोधणारी एखादी विद्यार्थिनी दादरच्या फलाटाबाहेर वाकून पाहते आहे, अशी कल्पना केली म्हणजे तें प्रतिपादन चटकन् पटतें. हातीं पिशवी नाहीं, कोणाची वाट पाहणें नाहीं. ती कोणाला काय सांगणार?

त्याच २०११ सालीं यॉर्कशायरमधील वेदरबी या टुमदार गांवीं एका उपाहारगृहाबाहेर एक इसम छोट्या डबीशीं कांहीं खटपट करतांना दिसला. पोलिसांस वर्दी गेली, रस्ते बंद झाले, दुकानें रिकामीं करण्यांत आलीं, सैन्याचें बाँबशोधक पथक आलें, आणि डबी उडवून देण्यांत आली. ती या खेळाचीच होती. इंग्लंडांत ही बातमी पुष्कळांनीं मिस्किलपणें वाचली असेल. त्याच वर्षीं १३ जुलैला मुंबईंत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर येथें बाँबस्फोट झाले; १९९३ आणि २००६ च्या आठवणी पुन्हां ओल्या झाल्या. जेथें लोकलच्या डब्यांत व स्थानकांत बेवारस वस्तूला हात लावूं नका म्हणून बजावलें जातें, तेथें कोणी अनोळखी डबी मुद्दाम ठेवावी आणि दुसऱ्यानें ती मुद्दाम उचलावी, हा विनोद राहत नाहीं. मुंबई-पुण्याकडे अशा कांहीं डब्या आहेत, परंतु खेळ फोफावला नाहीं याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. वेदरबीच्या उपाहारगृहांतून ज्यानें कोणी पोलिसांस कळविलें त्यालाहि आम्ही भित्रा म्हणणार नाहीं. डबीवर खेळाचें नांव लिहावें, जागामालकाची संमति घ्यावी, शाळा, रेल्वेमार्ग, पूल व पोलिस-कचेऱ्या टाळाव्या, दोन डब्यांत निदान १६१ मीटरांचें अंतर ठेवावें, असे नियम खेळाडूंनीं स्वतःवर घालून घेतले आहेत. ते पाळले न जाण्यापासून पुष्कळ तंटे होतात. दक्षिण कॅरोलायनांत २००५ सालीं कबरस्तानें व ऐतिहासिक स्थळें येथें परवानगीवांचून हा खेळ खेळणें गुन्हा ठरविणारें विधेयक तेथील प्रतिनिधिगृहानें मंजूर केलें होतें. तें कायदा झालें नाहीं. पण मृतांच्या आप्तांना कबरींच्या फटी चाचपणारे लोक पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना करतां येते.

आपल्या भाषेंत गुप्तधन हा शब्द मात्र फार जुना व बराच काळोखा आहे. त्यावर नाग बसलेला असतो. पायांकडून जन्मलेल्या पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें कीं त्याला तें दिसतें. आणि तें बाहेर काढावयास बळी द्यावा लागतो. ही नुसती आजीबाईची गोष्ट नव्हे. गुप्तधनाच्या हव्यासानें होणारीं अमानुष कृत्यें थांबविण्यासाठीं महाराष्ट्राला २०१३ सालीं केलेल्या नरबळीविरोधी कायद्यांत त्यांचा निर्देश करावा लागला. सरकारचें लक्ष या धनावर त्याच्याहि आधींपासून आहे. १८७८ च्या ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेली दहा रुपयांवरची कोणतीहि मौल्यवान वस्तु सांपडल्यास सांपडणाऱ्यानें कलेक्टरास कळविलें पाहिजे. दीड शतकापूर्वीं दहा रुपये ही मोठी रक्कम होती. सुदैवानें शहरी कुपींत कागदाच्या पट्टीवांचून दुसरें कांहीं नसतें, आणि तिच्या मालकाचें नांव यादींत नोंदलेलें असतें, त्यामुळें कलेक्टरसाहेबांना तसदी पडूं नये.

तो मालक काय करतो, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण शोधणाऱ्यांचा बोलबाला होतो आणि राखणारा पडद्याआड राहतो. कुपींतली पट्टी कांहीं महिन्यांत सह्यांनीं भरते. पावसाळ्यांत तिचा लगदा होतो. चुंबक गंजतो, खांब रंगविण्यास आलेला मजूर कुपी झटकून टाकतो, कठडा बदलतो, रस्ताच रुंद होतो. मग तीन माणसें लागोपाठ येऊन ‘सांपडली नाहीं’ अशी नोंद करून जातात, आणि मालकाला घरचें काम टाकून जाऊन पाहावें लागतें. यासाठीं त्याला कवडी मिळत नाहीं. कधीं तो गांव सोडून जातो, म्हातारा होतो, मरतो. तेव्हां यादी ठेवणारे त्याच्या डबीपुढें ‘बंद’ असा शेरा मारतात आणि नकाशावरून ठिपका पुसला जातो. ती डबी मात्र कित्येकदां जागच्या जागींच असते, दिव्याच्या खांबाच्या त्या पत्र्याखालीं, आंत शेवटच्या सहीसकट.